दत्तक अंधार

माझं नाव बाळ. या गोष्टीच्या वेळी वय चौपन्न. या नावानं हाक मारायचा अधिकार फक्त माझ्या आईला होता, आणि ती गेल्यावर तो विषय संपला अशी माझी समजूत होती. पण पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपन्या आल्या आणि त्यांच्याबरोबर वरिष्ठांना पहिल्या नावानं हाक मारायची सुधारणा आली. तेव्हापासून माझ्या लेकाच्या वयाची मुलं मला दिवसातून चाळीस वेळा बाळ म्हणत आली आहेत. कंपनीत सगळे समान असतात. कोणाच्या खुर्चीला हात असतात आणि कोणाच्या नसतात, एवढाच काय तो फरक.

त्याआधी एकवीस वर्षं मी हडपसरच्याच एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेन्टेनन्सला होतो. कारखाना बंद पडला, त्या जागेवर काचेची सात मजली इमारत उभी राहिली, आणि मी कर्वेनगरहून त्याच बसनं येऊन, त्याच स्टॉपवर उतरून, त्याच फाटकातून आत जात राहिलो. पूर्वी मला फोरमन म्हणत आणि फ्यूज उडाला की बोलावत. आता मला फॅसिलिटी एक्झिक्युटिव्ह म्हणत आणि बाथरूममधला टिश्यू पेपर संपला की बोलावत. देश पुढे गेला होता, आणि वाटेत मला बाथरूमपाशी सोडून गेला होता.

ही गोष्ट दोन हजार नऊच्या मार्चमधली. मंदी आली होती. त्या वर्षी पगारवाढ नव्हती, त्यामुळे कर्मचाऱ्यांना द्यायला दुसरं काहीतरी शोधणं भाग होतं, आणि उदात्त हेतू हा त्यातल्या त्यात परवडणारा निघाला. अमेरिकेतल्या हेड ऑफिसला एकाएकी पृथ्वीची काळजी वाटू लागली. फर्मान आलं की मार्चच्या शेवटच्या शनिवारी रात्री साडेआठ ते साडेनऊ जगातल्या सर्व शाखांनी दिवे मालवायचे. त्याला 'वसुंधरा तास' असं नाव होतं. आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो पाठवायचा, आणि ज्या शाखेचा अंधार सर्वांत चांगला, तिला ढाल मिळणार होती.

अडचण एकच होती. आमच्या इमारतीचे दिवे मालवता येत नव्हते. शनिवारी रात्री आमच्याकडे परदेशातल्या एका बँकेचं काम चालायचं, त्यामुळे तिसरा, चौथा आणि पाचवा मजला बंद ठेवणं शक्य नव्हतं. एसी बंद केला तर मशिनं तापली असती. गच्चीवरची कंपनीच्या नावाची निळी अक्षरं तरी मालवावीत असं मी सुचवलं. त्यावर डायरेक्टरसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना मिशी काढायला सांगितली होती.

मग ऋषीला कल्पना सुचली. ऋषी आमचा ग्रीन लीड, म्हणजे कंपनीच्या पर्यावरणाच्या कामाचा प्रमुख. वय सत्तावीस, परदेशातल्या विद्यापीठाची पदवी. मुलगा वाईट नव्हता. हे मी मुद्दाम आधी सांगतो, कारण पुढचं ऐकून तुमचा गैरसमज होईल. तो घरून स्टीलची बाटली आणायचा, प्लास्टिकला हात लावायचा नाही, आणि सायकलनं ऑफिसला यायचा. म्हणजे सायकल मोटारीच्या टपावर बांधून गेटपर्यंत आणायचा आणि गेटपासून पार्किंगपर्यंत चालवायचा. हवामानबदलाबद्दल बोलताना त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी यायचं. मला 'बाळ' म्हणणं त्यालाच अवघड जायचं, म्हणून तो 'बाळ काका' म्हणायचा. तेवढ्यासाठी मी त्याचं बरंच सहन केलं.

आमच्या इमारतीच्या मागून एक नाला जातो. त्या काळी नाल्याच्या अलीकडे शहराची हद्द होती आणि पलीकडे जांभळेमळा. तिथे जांभळाचं झाड नाही आणि मळाही उरलेला नाही, तीनशे घरं आहेत. शहराला तेव्हा भारनियमनातून सूट होती. नाल्यापलीकडे मात्र वीज दिवसा तुटक तुटक यायची, संध्याकाळी सहाला जायची आणि मध्यरात्र उलटल्यावर परत यायची. ऋषी कधी रात्री दोन-अडीचपर्यंत काम करत थांबला असताना त्याला सहाव्या मजल्याच्या खिडकीतून हे गाव दिसलं होतं, दिव्यांनी भरलेलं. त्याला ते फार सुंदर वाटलं होतं. आपल्याला अंधार करता येत नसेल तर आपण एक गाव दत्तक घेऊ आणि त्यांच्याकडून करवू, अशी ती कल्पना होती.

मी मीटिंगमध्ये सांगितलं की साडेआठला त्या गावात दिवेच नसतात.

ऋषीनं वहीत काहीतरी टिपलं. मग म्हणाला, "म्हणजे काका, दे आर ऑलरेडी डूइंग इट?"

"रोज," मी म्हटलं. "आणि ढालीशिवाय."

मला हे कसं माहीत, तर वेणूबाईंमुळे. वेणूबाई आमच्या सहाव्या मजल्यावर झाडलोट आणि फरशी पुसण्याचं काम करायच्या, ठेकेदारामार्फत. चाळिशीच्या असतील. जांभळेमळ्यात वरच्या आळीत राहायच्या, सासूबरोबर. गावाचं पाणी पंपानं टाकीत चढायचं आणि टाकीतून नळाला यायचं. वीज आली की पंप, पंप चालला की पाणी. म्हणजे नळाला पाणी रात्री दोनच्या पुढे. वेणूबाई दोनला उठायच्या, चारपर्यंत पाणी भरायच्या, स्वयंपाक करून साडेपाचला नाला ओलांडायच्या आणि सहाला आमच्या फरशीवर ओणव्या व्हायच्या. साडेदहाच्या सुमाराला त्यांचं अंग साथ सोडायचं. मग त्या स्टोअररूममध्ये, फिनेलचे डबे आणि झाडू ठेवतात तिथे, भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायच्या.

दोनदा त्या सापडल्या होत्या आणि दोन मेमो मिळाले होते. ठेकेदाराचा नियम असा की तिसरा मेमो म्हणजे उद्यापासून येऊ नका. आणि तिसरा मेमो टाइप होऊन माझ्या ड्रॉवरमध्ये पडला होता. एकतीस मार्चपर्यंत मला त्यावर सही करायची होती.

हा तिसरा मेमो कसा आला, तेही ऐका. ऋषी आठवड्यातून एकदा हातात तक्ता घेऊन इमारतभर फिरायचा आणि कुठे वीज वाया जाते ते टिपायचा. त्यानं लिहिलं होतं, 'सहावा मजला, स्टोअररूम. ट्यूबलाइट विनाकारण चालू. आत एक महिला झोपलेली.' त्याचा राग ट्यूबलाइटवर होता. महिला आपली खोलीचं वर्णन पूर्ण व्हावं म्हणून आली होती. पण तक्ता ठेकेदाराकडे गेला आणि ठेकेदाराला ट्यूबलाइटला मेमो देता येत नव्हता.

तर, आता प्रश्न असा उभा राहिला की अंधाराचा फोटो मिळेल, पण आधीचा उजेडाचा फोटो कुठून आणायचा? दिवे मालवायचे तर आधी ते लागलेले हवेत. ऋषी म्हणाला, मग वीज आणू. मला विजेच्या ऑफिसात पाठवण्यात आलं. तिथले साहेब माझं म्हणणं ऐकून आधी हसले, मग त्यांनी शिपायाला आत बोलावून मला ते पुन्हा सांगायला लावलं. जांभळेमळ्याचे लोक संध्याकाळी दोन तास वीज मागत सहा वर्षं त्यांच्याकडे खेटे घालत होते. त्यांना दर वेळी सांगण्यात आलं होतं की तांत्रिकदृष्ट्या ते अशक्य आहे. मलाही तेच सांगण्यात आलं. मी परत आलो. डायरेक्टरसाहेबांनी कोणालातरी एक फोन केला. दुसऱ्या दिवशी विजेच्या साहेबांनी मला बोलावून चहा पाजला आणि आपला खाजगी नंबर दिला. शनिवारी संध्याकाळी सहापासून रात्री बारापर्यंत वीज देतो, बारानंतर नेहमीसारखं, म्हणजे दोनला परत येईल, असं ते म्हणाले. तांत्रिक अडचण कुठे गेली ते मी विचारलं नाही. एकवीस वर्षं विजेचं काम केलेल्या माणसाला काही गोष्टी न विचारता कळतात, आणि कळल्या की चहा कडू लागतो.

मग गावाची संमती घ्यायला आम्ही जांभळेमळ्यात गेलो. देवळापुढच्या मंडपात सभा भरली. ऋषीनं लॅपटॉपवर बर्फ वितळतानाची चित्रं दाखवली. वीज नव्हती, त्यामुळे बॅटरी संपेपर्यंतच बर्फ वितळू शकला. एक पांढरं अस्वल तुकड्यावर उभं होतं, ते पाहून बायका हळहळल्या. मग ऋषीनं हात जोडून विनंती केली की आपण सगळ्यांनी पृथ्वीसाठी एक तास वीज वापरायची नाही.

बापूराव गावातले वयानं सर्वांत मोठे. ग्रामपंचायतीत त्यांचं ऐकतात. ते बराच वेळ लॅपटॉपच्या काळ्या पडद्याकडे बघत राहिले.

"पर वापरायची न्हाई म्हंजी, आदी येनार हाय का?" त्यांनी विचारलं.

येणार आहे, ऋषी म्हणाला. सहा वाजता.

मागून वेणूबाईंनी विचारलं, "पंपाला बी?"

पंपालाही, असं मी सांगितलं. त्यावर सभेत जी शांतता पसरली ती ऋषीला आदराची वाटली. मला दिसत होतं की प्रत्येक बाई मनातल्या मनात आपले हंडे मोजत होती. बापूरावांनी ताबडतोब ठराव लिहून घेतला की, 'आमचे गाव पृथ्वीच्या रक्षणासाठी रात्री साडेआठ ते साडेनऊ या वेळेत स्वेच्छेने विजेचा त्याग करण्यास तयार आहे.' खाली अडीचशे सह्या आणि अंगठे झाले. बापूराव म्हणाले, जी चीज आपल्याकडं न्हाईच, ती द्यायला आपलं काय जातंय.

परत निघताना ऋषी घराघरांत डोकावत होता, आणि त्याला एक भयंकर गोष्ट दिसली. गावातल्या प्रत्येक घरात दिव्याचं बटन चालूच होतं. भर दुपारी, वीज नसताना, सगळी बटनं खाली. "झीरो अवेअरनेस, काका," तो व्याकूळ होऊन म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानं तीनशे स्टिकर छापून आणले, 'गरज नसताना बटन बंद करा', आणि पोरांकडून ते घरोघर चिकटवले.

मी वेणूबाईंना विचारलं की बटनं चालू का असतात? त्या माझ्याकडे जरा कीव करून बघत म्हणाल्या की दिवा तोंडावर पडला की जाग येते. आमची उशी दिव्याखालीच असते. मी म्हटलं, गजराचं घड्याळ लावावं. तर म्हणाल्या, गजर दोनला होईल, पण वीज कधी दीडला येते, कधी तीनला. घड्याळाच्या भरवशावर राहिलं तर एक तर उगाच उठायचं नाही तर कोरडं राहायचं. दिवा बरोबर वीज आल्यावरच लागतो. सहा वर्षांत गावात कोणी रात्री बटन बंद करून झोपलेलं नव्हतं. ही गोष्ट मी ऋषीला सांगायला हवी होती. पण त्याचे स्टिकर नुकतेच छापून आले होते, आणि तो फार आनंदात होता.

शनिवार उजाडला. ऋषी फोटोग्राफरला घेऊन गच्चीवर, निळ्या अक्षरांखाली. मी गावात, हातात मोबाईल. आदल्या दिवशी, शुक्रवारी साडेआठला, त्यांनी तालीम म्हणून अंधाऱ्या गावाचा एक फोटो काढून ठेवला होता, कॅमेरा नीट बसतोय का ते पाहायला. शुक्रवारी अंधारासाठी कोणाचीही परवानगी लागली नव्हती.

सहा वाजता वीज आली. सांगितल्याप्रमाणे, मिनिटाचाही फरक नाही. पंप धडधडू लागला. सातला नळ सुटले. मी देवळाच्या पायरीवर बसून पाहत होतो. उजेडात पाणी भरणं ही किती साधी गोष्ट आहे. बायका एकमेकींशी बोलत भरत होत्या, पोरं मध्ये मध्ये भिजत होती, कोणी कोणावर ओरडत नव्हतं. हंडे भरले, पिंप भरले, पातेली भरली, शाळेच्या बाटल्या भरल्या. आठ वाजता सगळं भरून झालं, भाकरी खाऊन झाल्या. आणि नळाला पाणी अजून येतच होतं. ते तसं वाहू देणं जिवावर येऊन एका म्हातारीनं नळाखाली पाय धुतले, मग पुन्हा धुतले.

साडेआठला ऋषीनं फोनवर उलटे आकडे मोजायला सुरुवात केली. टेन, नाइन, एट. शून्य झालं. काहीच झालं नाही.

"काका, एनीथिंग?"

"बघतो," मी म्हटलं.

मी आधी बापूरावांकडे गेलो. त्यांच्या ओसरीवर तीस-पस्तीस माणसं टीव्हीसमोर बसली होती. साडेआठची मालिका गावानं सहा वर्षं फक्त नात्यातल्या लोकांकडून ऐकली होती. नायिकेच्या सासूला आज खरं काय ते कळणार होतं. मी ठरावाची आठवण करून दिली. बापूरावांनी नजर न काढता हात वर केला आणि जाहिराती लागू द्या म्हणाले. जाहिराती लागल्या, तेव्हा त्या बघायच्या होत्या.

मग मी वरच्या आळीत गेलो. तिथे टीव्ही नव्हते. तिथे आवाजच नव्हता. दारं उघडी होती, दिवे लागलेले होते, आणि प्रत्येक दिव्याखाली माणसं झोपली होती. पाणी भरून झालं होतं, पोटात अन्न होतं, मग कोणाला जागं राहायचं कारण उरलं नव्हतं. ओट्यांवर, उंबऱ्यांपाशी, भरलेल्या हंड्यांना टेकून. एक बाई हातात झाकणी तशीच धरून झोपली होती. बटनं सगळी चालू, सहा वर्षांच्या सवयीनं. बटनांशेजारी ऋषीचे हिरवे स्टिकर.

मला खूप राग आला. कोणाचा ते नीट ठरवता येईना, म्हणून जास्त आला. दोन तास वीज, बस. एवढ्यावर अख्खी आळी लहान मुलांसारखी झोपली होती, आणि हे दोन तास द्यायला एक फोन पुरला होता.

वेणूबाईंचं घर शेवटचं. त्या दाराशीच आडव्या झाल्या होत्या, दिव्याखाली, तोंड उघडं. तिसरा मेमो जिच्यासाठी टाइप झाला ती महिला, ट्यूबलाइटऐवजी पिवळ्या बल्बखाली. पायरीवर त्यांची सासू, मुक्ताबाई, तेवढी जागी होती. म्हाताऱ्या माणसांना झोप कमी. त्यांनी मला सभेत पाहिलं होतं.

फोनवर ऋषी बोलतच होता. लोकांना उठवा, काका. प्लीज. सगळ्यांना उठवा आणि बटनं बंद करायला सांगा.

मुक्ताबाईंना ते ऐकू गेलं असावं. त्या म्हणाल्या, "उठवू नगा तिला. बटान तेवढं बंद करा. माजा हात पुरत न्हाई. न्हाईतर दोनला दिवा पडंल तोंडावर, आन् पुन्ना उठंल. सगळं भरून ठिवलंय तरी उठंल."

मी बटन बंद केलं.

"एक गेला!" फोनमधून ऋषी ओरडला. "वरच्या बाजूला! काका, यू आर ऑसम. कीप गोइंग."

मुक्ताबाई काठी घेऊन उठल्या. शेजारणीचं पण करा, म्हणाल्या, तिला लेकरू हाय अंगावर. मग त्याच्या पलीकडचं. त्या काठीनं घर दाखवायच्या, मी दारातून हात घालून बटन बंद करायचो, आणि आत कोणीतरी कुशीवर वळायचं. अशी अकरा घरं झाली. दर घराला फोनवरून टाळ्या यायच्या. आयुष्यात इतक्या टाळ्या मला कधी मिळाल्या नव्हत्या.

पण अकरा घरांनी फोटो होत नाही. पावणेनऊला ऋषी म्हणाला की हे फार स्लो आहे, तुमच्याकडे त्या साहेबांचा नंबर आहे ना, त्यांना फोन करून सगळ्या गावाची वीजच बंद करायला सांगा. त्याचं बरोबर होतं. एका फोनचं काम होतं. नंबर फक्त माझ्याकडे होता. खाली बापूरावांच्या ओसरीवरून मालिकेचा आवाज येत होता, नळाखाली म्हातारी अजून पाय धूत होती, आणि ज्या घरांतली बटनं मी अजून बंद केली नव्हती त्या घरांत दिव्याखाली माणसं झोपली होती. वीज आता गेली असती तर अंधारात ती बटनं मला सापडली नसती, दोनला वीज परत आली असती आणि दिव्यांनी त्यांना नेमकं उठवलं असतं.

"रेंज नाही," असं मी फोनवर स्पष्ट आवाजात सांगितलं, आणि फोन बंद केला. मग मुक्ताबाईंबरोबर उरलेली आळी पुरी केली.

सोमवारी मला वाटलं होतं की माझी हजेरी घेतली जाईल. तसं काही झालं नाही. ऋषीनं मार्ग काढला होता. आधीचा फोटो शनिवारचा, दिव्यांनी भरलेल्या गावाचा. नंतरचा फोटो शुक्रवारच्या तालमीचा. मी म्हटलं, हे खोटं आहे. तो कळवळून म्हणाला की गाव तेच, वेळ तीच आणि अंधार तर अगदी खरा आहे, काका. आमची ढाल नक्की झाली. हेड ऑफिसच्या पत्रकात लिहिलं होतं की भारतातल्या एका गावानं एका तासात वातावरणात जाणारा अमुक इतका धूर वाचवला. हिशेब अमेरिकेतल्या सरासरी घराच्या वापरावरून केला होता. जांभळेमळ्यातलं सरासरी घर म्हणजे एक बल्ब आणि एक पंखा. पण ते कोणी विचारलं नाही.

वेणूबाई त्या दिवशी फरशी पुसता पुसता माझ्याजवळ थांबल्या. म्हणाल्या, "साहेब, रविवारी मी उठले तर ऊन आलं हुतं. मला वाटलं घरात कोन गेलं म्हनून कुनी उठवलं न्हाई." मग बादलीत फडकं पिळत म्हणाल्या, "लई घाबरले बगा." आणि पुढची फरशी पुसायला गेल्या. मंगळवारी त्या पुन्हा साडेदहाला स्टोअररूममध्ये होत्या. सोमवारी रात्री वीज अडीचला आली होती.

मंगळवार एकतीस तारीख होती. मेमोवर सही करायचा शेवटचा दिवस. मी ड्रॉवरमधून कागद काढला, दहा मिनिटं त्याच्याकडे पाहिलं. मग शिडी घेतली, सहाव्या मजल्यावर गेलो, आणि स्टोअररूमची ट्यूबलाइट काढून खाली आणली. पट्टी, चोक, सगळं. इतक्या वर्षांनी हाताला ते काम बरं वाटलं. ऋषीच्या तक्त्यात 'काय कारवाई केली' या रकान्यात मी लिहिलं, 'दिवा कायमचा काढला. यापुढे जळणार नाही.' तक्रार दिव्याची होती, दिवा गेला, तक्रार निकाली. अंधारात कोण बसलं आहे हे कोणाच्याच तक्त्यात येत नव्हतं. मेमो मी फाडला. त्या महिन्याचा हरित सूचनेचा पुरस्कार म्हणून मला एक मग मिळाला. त्यावर पांढरं अस्वल आहे.

जूनमध्ये बापूराव एक कागद घेऊन गेटवर आले आणि वाचून दाखवा म्हणाले. गावानं नवा अर्ज केला होता. मार्चमध्ये एका शनिवारी आपण संध्याकाळी वीज दिली होती, म्हणजे ती देता येते, तरी रोज निदान दोन तास द्यावी. विजेच्या ऑफिसचं उत्तर फार सभ्य भाषेत होतं. आपल्या गावाने रात्री साडेआठ ते साडेनऊ या वेळेत स्वेच्छेने विजेचा त्याग करण्याचा ठराव केला असून तो स्तुत्य आहे. सबब संध्याकाळच्या पुरवठ्याची आपल्याला आवश्यकता दिसत नाही. सोबत ठरावाची प्रत, अडीचशे सह्या-अंगठ्यांसह.

ती प्रत त्यांना कोणी दिली, हे बापूरावांनी मला विचारलं. मार्चमध्ये ती विजेच्या साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवणारा मीच होतो, कंपनीच्या पत्राला जोडून. मी तसं सांगितलं. त्यांनी कागदाची नीट घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "तुमी तरी काय करनार." असं म्हणून ते नाल्याकडे चालू लागले. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढे ऋषी त्या ढालीच्या जोरावर अमेरिकेला गेला. त्याच्या जागी एक नवी मुलगी आली. पहिल्याच आठवड्यात ती तक्ता घेऊन माझ्याबरोबर इमारत पाहायला निघाली. सकाळी पावणेअकराला आम्ही सहाव्या मजल्यावर पोचलो. स्टोअररूमचं दार ओढून घेतलेलं होतं. तिनं विचारलं, इथे लाइट नाही का? मी म्हटलं, काढलाय. मग आत काय आहे, असं विचारत तिनं कडीला हात घातला.

"आत वसुंधरा तास चालू आहे," मी म्हटलं. "इथे रोज पाळतात."

ती थांबली. आतून घोरण्याचा बारीक आवाज येत होता. तिनं एकदा दाराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, तक्त्यात बरोबरची खूण केली, आणि आम्ही चपलांचा आवाज न करता जिन्याकडे गेलो.